पिल्लं घरट्यात असताना फिंचच्या जोडीला नक्की काय खायला घालता?

चिमणचोच | सोमवार, सकाळी ७:१५

माझ्याकडे झेब्रा फिंचची एकच जोडी आहे. ही त्यांची पहिलीच वीण. पाच अंडी होती, चार फुटली, त्यातलं पहिलं गेल्या गुरुवारी. काल संध्याकाळी एक पिल्लू पिंजऱ्याच्या तळाशी मेलेलं सापडलं आणि आज पहाटे दुसरं घरट्यातच गेलेलं दिसलं. तळहातावर घेतलं तर मानेपाशीची कातडी अगदी सपाट, सुरकुतलेली. आत एक दाणा नव्हता. उरलेल्या दोघांच्या मानेशी थोडेसे दाणे दिसतात, पण फारच थोडे.

राळे, वरी, बाजरी आणि कॅनरी सीड असं मिश्रण घालते. भांडं कायम भरलेलं असतं. पाणी रोज बदलते. पिल्लं निघाल्यापासून उकडलेलं अंडंही ठेवतेय, पण दोघं त्याला चोचसुद्धा लावत नाहीत.

अंडं खात नसतील तर दुसरं काय द्यायचं? मी हाताने भरवू का? कृपया लवकर सांगा, खूप घाबरले आहे.

दाणावळ | सोमवार, सकाळी ७:४०

ताई, हाताने भरवायला आत्ता जाऊ नका. अंड्यातून निघालेलं झेब्राचं पिल्लू जेमतेम एक ग्रॅमचं असतं. एक थेंब श्वासनलिकेत गेला की संपलं. शिवाय इतक्या लहान पिल्लाला दिवसभर तासातासाला भरवावं लागतं, आणि खाणं कोमटापेक्षा थोडं जास्त, ३९ ते ४० अंशांच्या आसपास लागतं. थंड दिलं तर पचत नाही, जास्त गरम दिलं तर आतून भाजतं. आईबाप दोघं जिवंत आहेत, घरट्यात जातायत, तोवर आपण पिल्लांना नाही, आईबापांना खायला घालायचं.

अंड्याबद्दल. फिंचला ओळखीचं नसलेलं काहीही खाणं म्हणून दिसतच नाही. पिल्लं निघाल्यावर अंडं ठेवलं तर ती त्याच्याकडे संशयाने बघत बसतात. पिल्लं निघायच्या आधी तीन-चार दिवस थोडं थोडं ठेवून चव लावायची असते. तुमची ती वेळ गेली, म्हणून आता असं करा: अंडं १० ते १२ मिनिटं उकडा, पिवळं-पांढरं सगळं बारीक किसणीने किसा आणि त्यावर त्यांचे नेहमीचे दाणे चमचाभर पेरा. दाणे टिपताना चोचीला अंडं लागतं. पहाटे दिवा लागल्या लागल्या ठेवा, तेव्हा ती सगळ्यात भुकेली असतात. आणि दोन-तीन तासांत काढून टाका. उन्हाळ्यात तर त्याहून लवकर.

बेंगालीजवाली | सोमवार, सकाळी ८:०५

वाचतेय. माझी बेंगालीज फिंचची जोडी अंड्यांवर बसून आठ दिवस झालेत, त्यामुळे मलाही हे सगळं हवंच आहे.

रानवारा | सोमवार, सकाळी ९:२०

अंड्याचा एवढा आग्रह मला पटत नाही. झेब्रा फिंच मूळचा ऑस्ट्रेलियातल्या कोरड्या प्रदेशातला. तिथे पाऊस पडला, गवत तरारलं की ती वीण घालतात आणि पिल्लांना मुख्यतः गवताचे चिकात आलेले, अर्धे कच्चे दाणे भरवतात. त्यांच्या पिल्लाचं पोट त्या मऊ, ओल्या दाण्यासाठी बनलंय. आपण देतो तो दाणा खडखडीत वाळलेला.

म्हणून मी मोड आणतो. राळे आणि कॅनरी सीड रात्रभर भिजवायचं, सकाळी दोन-तीनदा खळखळून धुवायचं, गाळणीत निथळत ठेवायचं आणि दर काही तासांनी पुन्हा पाणी मारायचं. दाण्याच्या टोकाला पांढरा ठिपका फुटला की लगेच द्यायचं. लांब मोडाची वाट बघायची नाही. नाकाशी धरून बघा, ताज्या कापलेल्या गवतासारखा वास यायला हवा. जरा जरी आंबूस वाटला तर सगळं फेकून द्या, त्यात दया नको. बुरशी लागलेल्या मोडांनी माझी एक अख्खी वीण गेलीय.

दाणा ओळखीचा असल्यामुळे पहिल्या दिवसापासून खातात. चिमणचोच, तुमच्यासारख्या अडचणीत मी अंड्याच्या मागे न लागता हेच करेन.

दाणावळ | सोमवार, सकाळी ९:५०

रानवारा, मोडांचं शंभर टक्के मान्य. पण रानातली जोडी सकाळपासून दहा प्रकारची गवतं आणि मधूनच एखादा किडा टिपते. पिंजऱ्यातल्या जोडीला आपण देऊ तेवढंच. दाण्यात प्रथिनं असतात, पण लायसिनसारखी काही अमिनो आम्लं कमी पडतात, कॅल्शियम तर नावालाच. अंड्यात ते सगळं आहे. मी दोन्ही देतो: सकाळी अंडं, दुपारी मोड.

पाऊसपाणी | सोमवार, सकाळी ११:१०

दुधात भिजवलेला पाव दिला तर? मऊ असतो, लहान पिल्लांना पचायलाही हलका.

मैनावती | सोमवार, सकाळी ११:२५

नको, अजिबात नको. पक्ष्यांना दुधातली साखर पचत नाही, पातळ शी होते आणि घरटं ओलं राहतं. पावाने पोट भरतं पण अंगी काही लागत नाही. पिल्लाच्या पोटात जागा किती असते? ती पावाने अडवायची नाही.

उन्हाळी | सोमवार, दुपारी १२:३०

हे सगळं कशासाठी ते नीट कळावं म्हणून लिहितो, कारण पहिल्यांदा हे बघितलं तेव्हा मी तासभर जागचा हललो नव्हतो.

फिंच कबुतरासारखं गळ्यात दूध तयार करत नाही. नर आणि मादी दोघंही दाणा सोलतात, गिळतात, आणि तो मानेशी असलेल्या पिशवीत, आपण जिला क्रॉप म्हणतो तिच्यात, पाणी पिऊन मऊ होतो. मग पिल्लाच्या घशात चोच घालून तोच दाणा वर काढून भरवतात. पिल्लू इतर पक्ष्यांसारखं मान ताणून उभं राहत नाही. ते मान खाली ठेवून चेहरा वर वळवतं आणि तोंड डावी-उजवीकडे हलवतं. तोंडात टाळूवर काळे ठिपके असतात, अंधाऱ्या घरट्यात आईबापांना त्या खुणेवर नेम धरता येतो असं मानतात.

पहिल्या आठवड्यात पिल्लाची कातडी इतकी पातळ असते की भरलेल्या क्रॉपमधला एकेक दाणा बाहेरून मोजता येतो. मानेच्या दोन्ही बाजूंना फुगा आलेला दिसतो. संध्याकाळी दिवा मालवण्याआधी तो फुगा बघायचा. तो टम्म असेल तर रात्र निघते.

यातून दोन गोष्टी निघतात. एक, आईबापांना पाणी भरपूर लागतं, एरवीपेक्षा जास्त. दोन, पिल्लाच्या पोटात दाणा जायच्या आधी तो आईबापांच्या पोटात जायला हवा. त्यांचंच पोट अर्धं असेल तर पिल्लाला काहीच उरत नाही.

चिमणचोच | सोमवार, दुपारी ४:४५

सगळ्यांचे आभार. राळे भिजत घातलेत. अंड्यावर दाणे पेरले, नराने वरचे दाणे टिपले, अंडं थोडं लागलं असावं.

पण आत्ता बघितलं तर धाकटं पिल्लू थंडगार लागतंय. हलतंय, पण तोंड उघडत नाही. काय करू?

मैनावती | सोमवार, दुपारी ४:५२

आधी ऊब, मग खाणं. थंड पिल्लाला काहीही भरवू नका, ते पचवूच शकत नाही. दोन्ही तळहातांच्या पोकळीत धरा आणि अंगठ्यांच्या फटीतून हळूहळू गरम श्वास सोडत राहा. दहा मिनिटं, वीस मिनिटं, लागतील तेवढी. गुलाबी होऊन वळवळायला लागलं की मोठ्या भावंडाला चिकटवून घरट्यात ठेवा. माणसाचा हात लागला म्हणून फिंच पिल्लू टाकत नाहीत, ती भीती मनातून काढा.

चिमणचोच | सोमवार, संध्याकाळी ५:३०

वळवळतंय! तोंड उघडलं. ठेवलं परत. मादी लगेच आत गेली.

कणीस | सोमवार, रात्री ८:१०

उशिरा वाचतोय, पण पहिल्या पोस्टमधलं एक वाक्य मला सकाळपासून टोचतंय असं समजा. "भांडं कायम भरलेलं असतं."

ताई, एक काम कराल का? ते भांडं घ्या आणि त्यावर जोरात फुंकर मारा. मग सांगा काय उरलं.

आणि दुसरं, पिंजरा असलेल्या खोलीतला दिवा रात्री कसा मालवता? एकदम बटण बंद?

चिमणचोच | सोमवार, रात्री ८:३५

फुंकर मारली.

भांडं काठोकाठ भरलेलं दिसत होतं, त्यातलं निम्म्याहून जास्त उडून गेलं. सगळी फोलपटं. खाली जे उरलं ती बहुतेक बाजरी, जी ही दोघं कधीच खात नाहीत. राळ्याचे आणि कॅनरी सीडचे दाणे बोटांवर मोजण्याइतके. मी दर तीन-चार दिवसांनी भांडं ओतून नवीन भरते. दोघंच होती तेव्हा ते पुरत होतं. पिल्लं आल्यावर मी अंड्याकडेच बघत राहिले, दाण्याकडे बघितलंच नाही.

शनिवार-रविवार ती दोघं त्या भांड्यात शोधत होती आणि मला वाटत होतं, मजेत खातायत. मला रडू आवरत नाहीये.

दिव्याचं म्हणाल तर हो, रात्री दहाला एकदम बंद करते.

कणीस | सोमवार, रात्री ८:५५

रडा, पण आधी भांडं भरा. दोन पिल्लं अजून आहेत.

फिंच दाणा तिथेच सोलतं आणि फोल तिथेच टाकतं. ते फोल दुरून हुबेहूब दाण्यासारखं दिसतं. बारा ग्रॅमचा पक्षी दिवसाला साधारण तीन ग्रॅम दाणे खातो. त्यात चार पिल्लांची भर पडली की जोडीचं खाणं एका आठवड्यात कितीतरी पटींनी वाढतं. दिवसातून दोनदा फोल पाखडून काढा, वर ताजा दाणा घाला. एका भांड्याऐवजी दोन भांडी ठेवा, पसरट आणि उथळ. राळ्याचं अख्खं कणीस मिळालं तर टांगा, त्यात किती उरलंय ते नजरेला लगेच कळतं. आणि बाजरी नको असेल तर मिश्रणातून काढूनच टाका, नाहीतर तीच भांड्याचा तळ झाकत राहील.

दिवा एकदम गेला आणि मादी त्या वेळी बाहेर काठीवर असली तर अंधारात तिला घरट्यात परत जाता येत नाही. पिल्लं रात्रभर उघडी राहतात. पहिल्या आठवड्यात त्यांच्या अंगावर पीस नसतं, एक रात्र पुरते. मोठा दिवा मालवण्याआधी अर्धा तास एक मिणमिणता दिवा लावून ठेवा. आणि रात्री दहा ऐवजी थोडं लवकर, म्हणजे सकाळही लवकर सुरू होईल.

दाणावळ | सोमवार, रात्री ९:१५

कणीस, हे मी आधी विचारायला हवं होतं. अंड्याच्या नादात माझंही लक्ष गेलं नाही. चिमणचोच ताई, अंडं बाजूला राहू द्या दोन दिवस. आधी दाणा आणि पाणी.

नवखापक्षी | मंगळवार, सकाळी १०:००

एक शंका. जिवंत किडे दिले तर पिल्लं जोमाने वाढतात असं ऐकलंय. मीलवर्म आणू का?

रानवारा | मंगळवार, सकाळी १०:४०

झेब्रा आणि बेंगालीज किड्यांशिवाय उत्तम वाढवतात. वॅक्सबिल म्हणजे फिंचसारखेच छोटे दाणे खाणारे पक्षी, त्यांच्या काही जाती मात्र पिल्लं लहान असताना किड्यांवाचून अडून बसतात, किडे नसतील तर पिल्लं टाकून देतात. तुमच्याकडे कुठली जात आहे त्यावर ठरवा. द्यायचेच असतील तर लहान, नुकतीच कात टाकलेले पांढरे मीलवर्म द्या. कडक सालीचे जून किडे लहान पिल्लाला पचत नाहीत.

उन्हाळी | मंगळवार, दुपारी १:१५

कॅल्शियमबद्दल कुणीच सविस्तर बोललं नाही. अंडी घालताना मादीने स्वतःच्या हाडांतून कॅल्शियम दिलेलं असतं, वर पिल्लांची हाडं घडायची असतात. समुद्रफेस पिंजऱ्याच्या जाळीला कायम अडकवलेला हवा. अंड्याचं कवच उकळून, वाळवून, बारीक कुटून वेगळ्या वाटीत ठेवा. मादी ते दाण्याच्या आधी संपवते, बघाच.

पण नुसतं कॅल्शियम देऊन भागत नाही, ते अंगी लागायला डी-३ जीवनसत्त्व लागतं. काचेच्या खिडकीतून येणारं ऊन त्यासाठी उपयोगाचं नाही, काच ते किरण अडवते. सकाळचं कोवळं ऊन थेट जाळीवर यायला हवं, एका कोपऱ्यात सावली ठेवून. ते जमत नसेल तर डी-३ असलेलं पक्ष्यांचं कॅल्शियम आणा, प्रमाण डब्यावर लिहिलंय तेवढंच.

पालक रोज देऊ नका. त्यातलं ऑक्झॅलिक आम्ल कॅल्शियम बांधून ठेवतं. दुसरी हिरवी पानं, ब्रोकोली, काकडीची फोड चालेल, सगळं नीट धुऊन. अवोकाडो कधीच नाही, ते पक्ष्यांना विषारी आहे.

मैनावती | मंगळवार, दुपारी ३:३०

थोडं विषयाबाहेरचं, पण सांगितल्याशिवाय राहवत नाही. दोन वर्षांपूर्वी माझ्या झेब्रांनी अंडी सोडली तेव्हा ती मी बेंगालीजच्या जोडीखाली ठेवली होती. बेंगालीज कुणाचंही पिल्लू आपलं म्हणून वाढवतात, गोल्डियन फिंच पाळणारेही त्यांचाच आधार घेतात. तीन पिल्लं वाढली. त्यातला नर मोठा झाला आणि बेंगालीजचं गाणं गायला लागला! दिसायला झेब्रा, गालावर नारिंगी ठिपका, आणि गळ्यात पालक बापाचा सूर. नर पिल्लू गाणं बापाकडूनच शिकतं, जो भरवतो त्याचं ऐकून.

उन्हाळी | मंगळवार, दुपारी ४:००

वा! आणि हे पूर्ण विषयाबाहेरचं नाही. लहानपणी खाण्याची आबाळ झालेल्या झेब्रा नरांचं गाणं पुढे आखूड आणि साधं राहतं, असं संशोधनात दिसलंय. या पंधरा-वीस दिवसांतलं खाणं आयुष्यभर ऐकू येतं.

झेब्राचे आईबाप तर अंड्यांशीही बोलतात. २०१६ मध्ये सायन्स या नियतकालिकात त्यावर लेख आला होता: खूप उकाडा असला की ते अंड्यांजवळ एक खास आवाज काढतात, आणि तो ऐकलेली पिल्लं उष्ण घरट्यात वेगळ्या गतीने वाढतात.

चिमणचोच | बुधवार, सकाळी ६:५०

दोघंही जिवंत आहेत. काल दिवसभरात दोन भांडी तीनदा भरली. मोड आलेले राळे ठेवल्यावर नर वाटीवरून हललाच नाही. खायचा, घटाघटा पाणी प्यायचा आणि घरट्यात. रात्री टॉर्चच्या उजेडात बघितलं, दोघांच्या मानेशी फुगे होते. धाकट्याचे दाणे मी मोजले. अकरा.

अंडंही आज खाल्लं, किसलेलं, वर मोड पेरून.

बेंगालीजवाली | बुधवार, सकाळी ७:०५

अकरा वाचून माझ्याच डोळ्यांत पाणी आलं.

चिमणचोच | अडीच आठवड्यांनंतर, रविवार, सकाळी ८:२०

मोठं परवा घरट्याबाहेर आलं, धाकटं आज. दोघंही करड्या अंगाची आणि काळ्या चोचीची, बापाच्या मागे काठीवरून काठीवर. रात्री झोपायला घरट्यात परत जातात. आता खाण्यात काय बदल करू? मादी पुन्हा घरट्यात काड्या नेतेय, त्याचीही काळजी वाटतेय.

दाणावळ | रविवार, सकाळी ९:००

अभिनंदन! पण बाहेर आली म्हणजे स्वतः खायला लागली असं नाही. साधारण पस्तीस दिवसांची होईपर्यंत भरवणं चालू राहतं, आणि मादी दुसऱ्या अंड्यांवर बसली तर सगळा भार एकट्या नरावर येतो. तळाशी उथळ ताटलीत दाणे आणि मोड पसरा, टांगलेलं कणीस खाली आणा. बापाने कुठून टिपलं ते बघत बघतच ती शिकतात.

दुसरी वीण या वेळी होऊ देऊ नका, मादी थकलेली आहे. पण पिल्लं झोपायला जातायत तोवर घरटं काढू नका. अंडी आली तर उकडून थंड करून परत ठेवा, नाहीतर ती घालतच राहील. पिल्लं वेगळी केली की घरटं काढा आणि अंडं पूर्ण बंद. रोज अंडं, मोड मिळत राहिले तर त्यांना वाटतं सुगी आहे, आणि ती विणीतून उठतच नाहीत. साधा दाणा, समुद्रफेस, हिरवी पानं, आणि काही महिने विश्रांती. वर्षाला दोन विणी खूप झाल्या.

नवखापक्षी | रविवार, सकाळी ९:३०

पण मग पिल्लांचं अंडंही बंद होतं ना? त्यांचं तर वाढीचं वय आहे.

दाणावळ | रविवार, सकाळी ९:४५

म्हणूनच पिल्लं वेगळी केल्यावर त्यांच्या पिंजऱ्यात अंडं चालू ठेवायचं, पहिली पिसं झडून नवी येईपर्यंत. बंद फक्त आईबापांचं.

चिमणचोच | आणखी अडीच आठवड्यांनंतर, बुधवार, संध्याकाळी ६:४०

आज धाकट्याला बघत बसले होते. सकाळी बापाच्या मागे तोंड वासून फिरत होतं, बापाने पाठ फिरवली. मग ते ताटलीपाशी आलं, राळ्याचा दाणा उचलला, पडला. पुन्हा उचलला, चोचीत फिरवला, पडला. पाचव्या-सहाव्या वेळी फोल एका बाजूने बाहेर आलं आणि चोचीला तसंच चिकटून राहिलं. दाणा आत गेला होता.

कणीस | बुधवार, संध्याकाळी ७:००

हेच वाचायचं होतं.

बेंगालीजवाली | बुधवार, रात्री ८:१५

माझी मागची अंडी कोरडी निघाली होती, ते इथे लिहिलं नाही. आज मात्र दुसऱ्या वेळची फुटायला लागलीत, सकाळपासून दोन पिल्लं. दाणा पाखडलेला आहे, अंड्याची चव चार दिवस आधीच लावलीय, बारीक दिवाही लावलाय. पण दोघांच्याही मानेशी काहीच दिसत नाही. सकाळपासून एकही दाणा नाही. काय करू?

दाणावळ | बुधवार, रात्री ८:२२

काही करू नका. पहिला दिवस पिल्लू पोटात उरलेल्या बलकावर काढतं. मादी आत बसलीय ना? बसू द्या. उद्या दुपारी बघा आणि इथे कळवा.